चिखलाची चव

मी जन्मात मासा खाल्लेला नाही आणि नोकरीची शेवटची वर्षं मी कुवेतमध्ये सॅमन वाढवण्यात घालवली. हे ऐकून लोकांना हसू येतं. पूर्वी मलाही यायचं, आता तेवढं त्राण उरलेलं नाही.

त्याआधी मी रिफायनरीत होतो, कूलिंग वॉटरच्या विभागात. पाण्यात काय आहे, काय असायला नको आणि ते गार कसं ठेवायचं, यातच डोक्यावरचे केस गेले. तिथलं काम संपलं तेव्हा नाशिकला परत जायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात एका कुवेती मालकाचा निरोप आला. त्याने दक्षिणेकडे वाळवंटात एक मोठी शेड बांधली होती आणि तिच्यात त्याला थंड देशातला मासा वाढवायचा होता. मासे मासेवाले बघतील, तुम्ही फक्त पाणी बघा, असं तो म्हणाला. पाणी इथूनतिथून सारखंच, असा विचार करून मी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या नावावर बदलून घेतला. आगीतून फुफाट्यात जाणं म्हणजे काय ते मला निवृत्तीच्या वयात कळलं.

शेडमध्ये मोठमोठ्या गोल टाक्या होत्या आणि त्यांत पाणी सतत फिरत असे. समुद्रातल्या जाळ्यांत सॅमन वाढवले की त्यांना उवा लागतात, मग औषधं मारावी लागतात, घाण तळाशी साचते, जाळं फाटलं की पाळीव मासे रानटी माशांत जाऊन मिसळतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. उवा नाहीत, औषध नाही, घाण गाळून बाजूला आणि तेच पाणी पुन्हा टाकीत. मालकाने छापलेल्या माहितीपत्रकावर 'जबाबदारीने वाढवलेला मासा' असं अरबी आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. टाकीत जास्त मासे कोंबायचा त्याचा विचार होता, तेव्हा मी हट्टाने नाही म्हणालो होतो, वळायला जागा नसलेले मासे एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात म्हणून. त्याने ऐकलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

फक्त बाहेर पन्नास अंश असताना आत पाणी चौदावर ठेवायचं, म्हणजे यंत्रं दिवसरात्र धापा टाकणार. वीज तेलाची. पाणी समुद्राचं, पण गोडं केलेलं, तेही तेलावरच. मी हे हिशेब मनात मांडायचो आणि सोडून द्यायचो. आयुष्यभर तेलाच्या पगारावर जगलेल्या माणसाने कुणाला काय शिकवायचं?

या पद्धतीत एक खोड आहे. तेच तेच पाणी फिरलं की त्यात बारीक जंतू होतात आणि त्यांचा ओल्या मातीसारखा वास माशाच्या मांसात मुरतो. मासा निरोगी असतो, खायला काही धोका नसतो, पण घास घेतला की चिखल लागतो. त्यावर उपाय एकच. मारण्याआधी मासे वेगळ्या टाकीत न्यायचे, सतत ताजं पाणी द्यायचं आणि दहाबारा दिवस त्यांना उपाशी ठेवायचं. पाण्याने वास धुऊन जातो, आणि त्यांना चारलं तर पाणी पुन्हा घाण होतं म्हणून चारायचं नाही. थंड रक्ताच्या प्राण्याला ते फार जड जात नाही, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. माझ्या आईचे उपास मी बघितलेले होते, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पाण्याचे टँकर मात्र डोळ्यांदेखत रिकामे होत. नाकापेक्षा मोती जड, असं मी मॅनेजरला म्हणालो होतो. तो इजिप्शियन, त्याला म्हण कळली नाही, पण टँकरचा खर्च कळत होता.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मालकाने सरळ सांगितलं. पहिली खेप शहरातल्या एका मोठ्या हॉटेलने पसंत केली तर शेड चालू राहील. नाही केली तर तो यंत्रांचा आणखी एक उन्हाळा पोसणार नाही. म्हणजे मासे मारले जातील आणि आम्ही सगळे आपापल्या देशात. यात राग नव्हता, त्याने चहा पीत पीत सांगितलं.

आता मासा धुतला गेला की नाही, हे शेवटी कुणीतरी चाखूनच ठरवावं लागतं. यंत्राने तपासायला नमुना परदेशी पाठवावा लागतो आणि उत्तर यायला वेळ लागतो. मॅनेजर एकापाठोपाठ एक सिगरेटी ओढणारा, त्याच्या जिभेला सॅमन आणि पुठ्ठा एकच. कामगार बांगलादेशचे, नदीतला मासा खाऊन वाढलेले. त्यांनी पहिल्या दिवशीच फर्स्ट क्लास म्हणून सांगितलं. चिखलाची चव त्यांना घरचीच. आणि मी असा.

इंजिनिअरसाहेब या अर्थी मला बाशमुहंदिस म्हणणारा मॅनेजर म्हणाला, "बाशमुहंदिस, तुमची मॅडम मासे खाते ना?"

माझी बायको मालवणची. आमच्या लग्नात दोन्ही घरांनी नाकं मुरडली होती. नंतर ती तिच्या कढईत आणि मी माझ्या कढईत, असा तह झाला आणि तो टिकला. महबूलाच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते आणि मी खाली समुद्राकडे चालायला जातो. ती इथे आली तेव्हापासून घरातच आहे. मराठीत एम. ए. झालेली बाई, इथे तिला कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे मी जेव्हा म्हणालो, की शेडला तुझ्या जिभेची गरज आहे, तेव्हा तिने मला दोनदा विचारलं, "खरंच सांगताय ना?"

मी तिला बजावून सांगितलं. तिखट नको, मसाला नको, लिंबू नको. नुसता वाफवायचा आणि खाऊन सांगायचं.

"कळलं हो," ती म्हणाली. "काहीसुद्धा घालणार नाही."

मी नेहमीप्रमाणे चालायला गेलो. परत आलो तर ती टेबलाशी बसून होती, केस नीट विंचरून, कुणी पाहुणा येणार असल्यासारखी. मासा उत्तम आहे म्हणाली. रावसाची सर नाही, पण स्वच्छ आहे, कसलाही वास नाही. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे काही विचारलं नाही. मॅनेजरला फोन केला. दुसऱ्या दिवशी मासे हॉटेलात गेले.

हॉटेलचा मुख्य आचारी लेबनीज. त्याने एक पातळ काप कच्चाच तोंडात टाकला, दुसरा नुसत्या मिठावर तव्यावर फिरवून चाखला, आणि दोन्ही रुमालात काढून ठेवले. मॅनेजरने मला हे सगळं करून दाखवलं, रुमालासकट. आचारी फक्त एवढंच म्हणाला होता की याला तळ्याचा वास येतो.

मालकाने कपाळाला हात लावला, पण एक संधी दिली. आणखी एकदा धुवा, आणखी टँकर आणा, पण ही शेवटची. हॉटेलही पुन्हा बघायला तयार होतं. मी घरी काही बोललो नाही. बायकोची जीभ चुकली असं मला वाटत नव्हतं, आणि आचारी उगाच बोलतोय असंही वाटत नव्हतं. मी इतका थकलो होतो की दोन्हींतलं कोणतंही खरं असलं तरी चाललं असतं.

पुढच्या शुक्रवारी पाठ धरली म्हणून मी चालायला गेलो नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. बायकोने जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, सुरमई आणली होती. तिने तुकड्या धुतल्या, मीठ आणि हळद चोळली आणि एका बाटलीतून गडद लाल काहीतरी ओतून त्यात त्या बुडवून ठेवल्या. मी विचारलं हे काय. आगळ, ती म्हणाली. कोकमाचा खारवलेला रस, तिची बहीण दर वर्षी पाठवते.

"आणि त्या सॅमनला?"

"त्याला नुसतं वाफवलं. तुम्ही सांगितलं होतं ना?"

"त्याआधी?"

"त्याआधी साफ केला. मीठ, हळद, आगळ लावून धुऊन घेतला." ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, ते घालणं नव्हे. ते साफ करणं. तसाच कोण शिजवतं मासा?"

तिच्या आईने, आजीने, अख्ख्या किनाऱ्याने मासा असाच साफ केलेला. आंबटाने मातीचा वास पळतो, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं. आमची टाकी दहाबारा दिवसांत जे करते ते आगळ अर्ध्या तासात करत होतं, टँकरशिवाय. मी मॅनेजरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की मग सगळा माल चिंचेत बुडवूनच विकू या. विचार वाईट नव्हता. खरं तर सगळ्यात जबाबदारीचा तोच असावा, असं मला आजही वाटतं. पण मालकाला मासा हॉटेलांत कच्चा, काप करून विकायचा होता, आणि तसा खाणाऱ्यांना आगळ चालत नाही.

हॉटेलात काय झालं ते सांगून मी बायकोला समजावलं की यात चूक कुणाचीच नाही. ती म्हणाली, "चूक माझीच. पण मला एकदा तरी कुणीतरी काम सांगितलं होतं." इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी काहीतरी काम शोधायलाही हवं होतं.

धुण्याची मुदत संपली तेव्हा मी दुसरा नमुना घरी आणला. ती नको म्हणाली, दुसऱ्या कुणाला विचारा. मी म्हणालो दुसरं कुणी नाही. या वेळी मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिने मासा फक्त नळाखाली धरला, ताटलीत ठेवून वाफवला. तो आळणी, फिकट तुकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने डोळे मिटून घास घेतला आणि बराच वेळ चावला.

मी मनातल्या मनात घोकत होतो, बरा आहे म्हण. तो मालक, ती शेड, तो मॅनेजर, सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत असं मला वाटत होतं. तिला सगळं ठाऊक होतं. नाही म्हटलं तर आपण सामान बांधणार, हेही ठाऊक होतं. परत जायचं तिच्या जिवावर येत होतं, नाशिकला तिचं कोण होतं?

"नाय ओ," ती म्हणाली. घास तोंडात असला की तिची बोली अशीच बाहेर येते. "अजून चिखल लागता."

"नक्की?"

"मग माका विचारलात कित्याक?"

मी मॅनेजरला फोन केला. ज्या टाकीत आम्ही धूत होतो तिच्याच नळ्यांत आतून तो बुळबुळीत थर बसला असणार, सगळं रिकामं करून घासायला हवं, असं मी सांगत होतो. तो मधेच म्हणाला, "खलास, बाशमुहंदिस." मीही थांबलो.

मालक संध्याकाळी स्वतः आला. रागावला नाही. टाक्यांभोवती एक फेरी मारली आणि पंप बंद करा म्हणाला, आपोआप मरतील. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. हवेविना मासा किती तडफडतो ते मी बघितलं होतं. म्हणालो, वाढवताना जबाबदारीने वाढवले असं आपण छापलंय, मारतानाही तसंच मारू. डोक्यात झटका देऊन क्षणात बेशुद्ध करायचं यंत्र आमच्याकडे होतंच. त्याने हात हलवून होकार दिला. रविवारी माणसं येणार, तोवर पंप चालू राहणार, आणि सगळे मासे वफ्राच्या मळ्यांवर खताला जाणार असं ठरलं.

शुक्रवारी दुपारी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिने त्या दिवशी मासा केला नव्हता, दोघांना एकच वरणभात होता.

"धुवायच्या टाकीतले ते, अजून उपाशीच आहेत?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

मी सवयीने सांगायला लागलो, की पाणी स्वच्छ राहावं, चव यावी, आणि तिथेच अडखळलो.

"आता खाणार कोण आहे त्यांना?" ती म्हणाली.

मी हात धुतला आणि गाडी काढली. शेडमध्ये पहाऱ्यावरच्या एका माणसाशिवाय कुणी नव्हतं. खाद्याची उघडी पिशवी घेऊन मी टाकीच्या कडेला उभा राहिलो. पहिली मूठ नुसती खाली जात राहिली, कुणी हललं नाही. उपासाची सवय झाली होती त्यांना. दुसऱ्या मुठीला एक वर आला, त्याच्यामागे आणखी काही, आणि मग पाणी खदखदायला लागलं. हात भरून येईपर्यंत मी टाकत राहिलो. मला रडू येत होतं. पिशवी संपल्यावर तिथल्याच पायरीवर बसलो आणि बायकोला फोन करून सांगितलं, की जेवले.