दिवा लागेपर्यंत

रॉन गेल्याचं सेंटरच्या बाईनं फोनवर सांगितलं. "फ्युनरलला याल?" तिनं विचारलं. त्याची तक्रार मीच केली होती, हे तिला माहीत होतं...

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या सेंटरमधून रॉन आम्हाला स्वतःच्या गाडीनं घरी सोडायचा. ऐंशीचा गोरा, पैसे घेत नसे. फुकट राबणाऱ्यावर माझा विश्वास नाही. त्यातून हा मला दारात सोडून जायचाच नाही. हिवाळ्यात चारलाच अंधार. मी आत जाऊन दिवा लावला की मगच गाडी हलायची. मी एकटी राहते, हे त्याला ठाऊक होतं.

"अगं, पसंत पडलीस त्याला!" माझ्याबरोबर येणारी कुसुम गाडीतच मराठीत म्हणायची. मला हसू येत नव्हतं. एकदा मुद्दाम अंधारात बसून राहिले. दहा मिनिटांनी त्यानं दार ठोठावलं. "आर यू ऑल राइट, मिसेस साने?" मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरला सांगितलं. त्यांनी त्याचं गाडी चालवणंच बंद केलं.

पुढे तो सेंटरला जेवायला तेवढा यायचा. एक दिवस मी समोर बसून सरळ विचारलं, "का थांबायचात?"

तो म्हणाला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर चढाई झाली त्या रात्री तो चालवत होता त्या विमानात वीस छत्रीवाले सैनिक होते. ढग दाट होते. उडी मारायचा हिरवा दिवा त्यानंच लावला. परतल्यावर कळलं, काही विमानांतली पोरं पुराच्या पाण्यात पडून पाठीवरच्या ओझ्यानं बुडाली. "माझी कुठे उतरली, मला अजून माहीत नाही."

म्हातारे लढाईच्या गोष्टी फुगवतात. पण फुगवणारा स्वतःला शूर करून सांगतो. यानं तसं केलं नाही. तक्रार मागे घ्यायची, असं मी मनात ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू... राहिलं.

फ्युनरलला गेले. शवपेटीवर विमानापुढे उभ्या पोरसवदा माणसाचा फोटो होता. तो खरंच रॉन आहे का, ते मी जवळ जाऊन पाहिलं. कान तेच होते.

नवा ड्रायव्हर मी फाटकाला हात लावायच्या आत निघून जातो. मी मात्र कोट न काढता आधी दिवा लावते, आणि पडदा बाजूला सारते.