अंगणं करणाऱ्या आम्ही तिघी

माझ्या नाती विचारतात, "आजी, तू तर आयुष्यभर नुसती लोकांची अंगणं केलीस. मग तुझ्याकडे एवढ्या गोष्टी आल्या कुठून?" अगं, लोकांच्या दारात चार-चार दिवस ओणवं राहिलं की घरातलं सगळं ऐकू येतं! आणि घरातल्यांना वाटत असतं, ओणव्या बाईला कान नसतात. एक गोष्ट सांगायला घेतली की तिच्या पदराला धरून दुसरी येते.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे दिवेआगरात आम्ही तिघी जमिनी करायला जायचो. पुढारी सुंदरामावशी. पन्नाशीची, काटक, मोजकं बोलणारी. तिची जाऊ यमुनाकाकी, तिच्या वाटणीचंही बोलणारी. आणि मी, नुकती लग्न होऊन आलेली. पावसाने अंगणांची चाळण झालेली असायची. शेवाळ, गवत, खड्डे! दसरा झाला की ते खणायचं, तांबडी माती घालायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने, म्हणजे लाकडाच्या जाड थापीने, ठोकून ठोकून दगडासारखं घट्ट करायचं. वर शेणाचा हात. मग सारा हिवाळा घर अंगणात राहायला यायचं. भात झोडायचं तिथे, सुपारी वाळायची तिथे, सकाळच्या उन्हात म्हातारी माणसं बसायची तिथे.

पण सुंदरामावशीची जमीन म्हणजे काय चीज होती, ते ऐका.

*

वाडीत एक पेन्शनर गुरुजी होते. त्यांच्या अंगणात मावशीने पाऊल टाकलं, टाचेने दोनदा ठोकलं आणि थांबली. "गुरुजी, हितं पोकळ हाय."

"चाळीस वर्षं मी या अंगणात उभा राहतोय. पोकळ-बिकळ काही नाही. तू आपली वरून चोप!"

मावशी चोपणं खाली ठेवून ओट्याच्या पायरीवर बसली. अर्धा तास बसली. शेवटी गुरुजी वैतागून म्हणाले, "खण बाई, खण!"

हातभर खणलं तर घुशीचं बीळ. तेही थेट घराच्या जोत्याखाली गेलेलं! आणखी एक पावसाळा गेला असता तर ओटीची भिंत बसली असती. बिळात पायलीभर भात होतं, चिंध्या होत्या, आणि त्यात एक चांदीची पळी होती. देवपूजेतली.

गुरुजींचा चेहरा उतरला. दोन वर्षांमागे ही पळी हरवली, तेव्हा भांडी घासणाऱ्या गंगूवर आळ घेऊन त्यांनी तिला काढून टाकलं होतं. त्यांनी टोपी घातली, पळी घेतली आणि अनवाणीच गंगूच्या झोपडीकडे निघाले. भर सकाळी, सगळी आळी बघत असताना! आम्हीही कामं टाकून मागे गेलो.

दारात उभं राहून गुरुजी म्हणाले, "गंगू, चूक माझी झाली. पळी घुशीने नेली होती."

गंगूने पळीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. म्हणाली, "मंग काडलंत का घुशीला कामावरनं?"

*

एका वर्षी सरकारी रस्त्याच्या कामावर एक ओव्हरसियर आला. भाड्याचं घर, अंगण आम्हीच केलेलं. साहेबांनी पेटीतून पितळेची लेव्हल काढली, काचेत बुडबुडा असलेली, आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा गेला एका टोकाला!

"बाई, अंगण वाकडं झालंय."

मावशीने कनवटीची सुपारी काढली आणि तुळशीपाशी अलगद सोडली. सुपारी हलली. चालू लागली. ना वेग, ना थांबणं. अख्खं अंगण ओलांडून ती कोपऱ्यातल्या मोरीच्या तोंडाशी जाऊन टपकन पडली.

मावशी म्हणाली, "थंडीत रोज सकाळी दव पडतंय, सायेब. त्याला बी जायाला वाट लागते. तुमचा बुडबुडा मधी आला, की दव हितंच बसलं आनि अंगान कुजलं!"

साहेबांनी लेव्हल पेटीत ठेवली. मग वाकून सुपारी उचलली आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सोडून दाखवा."

दुपारपर्यंत सोडत होते!

*

वरच्या आळीतल्या एका घरी मुलगी बघायला माणसं यायची होती. अंगण नुकतं सारवलेलं, ओलं. यमुनाकाकीने परोपरीने सांगितलं, "वयनी, दोन दिस तरी सुकू द्या." पण यजमानीणबाईंना धीर कुठला! अंगणात चटया अंथरल्या, आठ पाहुणे बसले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी बघून झाली. पाहुणे उठले, आणि आठही पांढऱ्याशुभ्र धोतरांवर मागे हिरवे गोल!

घरातल्या बायका तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. यजमानाच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाचा बाप भारी माणूस. त्यांनी मान वळवून आपलं धोतर पाहिलं, मग व्याह्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही. तुमच्या घरचा शिक्का घेऊन चाललोय!"

लग्न मार्गशीर्षात झालं.

*

दिघीचे हसनचाचा जन्मभर आगबोटीवर खलाशी होते. म्हातारपणी दम्याने धरलं. थंडी सुरू झाली की पडवीत बसून रात्र काढायची, पाय बर्फ. त्यांची सून मावशीकडे आली. "जमिनीतूनच गारवा चढतो हो. काय करता येईल का?"

मावशी दोन दिवस नुसती पडवी बघत बसली. मग जुनी जमीन उकरून काढली. खाली वाळू, वर भाताच्या तुसाचा आणि राखेचा वीतभर थर, त्यावर पेंढा तुडवलेली माती. आठ दिवस ती आम्हाला हातही लावू देईना. सगळं एकटीने चोपलं, तेही इतकं हलकं की जणू मूल थोपटतेय.

जमीन सुकली तेव्हा चाचांनी त्यावर अनवाणी पाय टेकले. डोळे मिटून घेतले. सून घाबरली. "अब्बा, काय झालं?"

चाचा म्हणाले, "एडन बघितलं, बसरा बघितला, झांजिबार बघितलं. मोठमोठ्या कोठ्यांमधून गालिचे बघितले. पण जमिनीलाच गोधडी शिवणारी बाई आज बघितली!"

*

आता हे एकच सांगते आणि थांबते.

समुद्राकडच्या वाडीत एक वयनी एकुलत्या मुलाबरोबर राहायच्या. सतरा वर्षांचा तो पोरगा शिडाच्या मचव्यावर मलबारला निघाला, त्या सकाळी पडवीपुढची जमीन आम्ही नुकतीच सारवली होती. घाईत त्याचा उजवा पाय ओल्या जमिनीत उमटला, बोटं बाहेरच्या वाटेकडे केलेली. मचवा परत आलाच नाही.

त्यानंतर दरवर्षी आम्ही ते अंगण करायचो, तेवढं एक पाऊल सोडून. मावशी त्याच्या कडेकडेने बोटाने माती भरायची. पावसाळ्यात वयनी त्यावर माडाच्या पानांची झाप टाकून वर पाटा ठेवायच्या. सात वर्षं ते पाऊल तसंच होतं.

आठव्या वर्षी आम्ही गेलो तर वयनी तापाने आत पडलेल्या. झाप उडून गेलेली, पाटा सरकलेला, आणि तिथे नुसता चिखल वाळलेला. पाऊल नव्हतंच.

यमुनाकाकी, जिचं तोंड कधी मिटलं नाही, ती खाली बसली. मला रडू यायला लागलं.

मावशीने मला दटावलं. "रडू नको. जमीन कर." आम्ही जमीन केली. सारवून झाल्यावर ती माझ्या पायांकडे बघत राहिली. माझे पाय मोठे. सासरी आले तेव्हा माप ओलांडताना बायका हसल्या होत्या.

"उजवा पाय ठेव," मावशी म्हणाली. "जोर देऊ नको. घाईत निघाल्यासारखी."

मी ठेवला. उचलला.

चार दिवसांनी ताप उतरला आणि वयनी भिंत धरून बाहेर आल्या. आम्ही तिघी अंगणाच्या कडेला उभ्या. वयनी पावलापाशी खाली बसल्या. एकेका बोटाच्या खळग्यात आपलं बोट घातलं. टाचेवर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

मग वर न बघता म्हणाल्या, "पाय वाढला गो त्याचा."

मावशी म्हणाली, "वाढनारच की वयनी. वाढतं वय व्हतं."