दिल्ली-मुंबई, दोन तास

मंडळी, आज सकाळी मुलाचा दिल्लीहून फोन आला. "आई, आत्ताच बघितलं. मुंबईपर्यंत विमानाला दोनच तास लागतात. काही झालं तर लगेच येईन."

मी बरं म्हटलं.

हेच दोन तास मी नव्वदच्या सुमारास माहेरी, शिंदखेड्याला ऐकले होते. वडील सकाळी गेले. दिल्लीत नोकरीला असलेला भाऊ विमानाने निघतो म्हणाला. काका अंगणात बसून येईल त्याला सांगत होते, "दोन तासमा येई जाई, थांबा."

मुंबईपासून पुढची एसटी कोणी हिशेबात धरलीच नाही.

प्रेत उचलेपर्यंत आमच्या गल्लीत चूल पेटत नसे. संध्याकाळी शेजारची अक्का रडणारं लेकरू कडेवर घेऊन आईसमोर उभी राहिली. दूध तापवू का, असं तिने खाली मान घालून विचारलं. आईने मानेनेच हो म्हटलं. मग एकेक चूल पेटली. वडील अजून घरातच होते. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला.

मला तेव्हाही रडू आलं नाही.

आज फोन ठेवला आणि शेजारच्या सुनेला सांगून आले, "माझ्या वेळी मुलाची वाट न बघता चुली पेटवा गं."

"काहीतरीच काय काकू," म्हणाली ती.

तुम्ही कोणाला सांगून ठेवलंय का?