जाकीरभाईची जबानी

आमच्या नांदुऱ्यात लाउडस्पीकर भाड्यानं देणारे सहा जण आहेत. त्यातल्या पाच जणांच्या हाती माईक आला की ते आवरत नाहीत. सहावा जाकीरभाई. तो माईकवर नखानं टकटक करतो, एक फुंकर मारतो आणि खाली ठेवतो. 'हॅलो, वन टू थ्री' म्हणायची वेळ आली की माझ्याकडे बघतो, आणि मी, फोटोवाला माणूस, गळ्यात कॅमेरा अडकवून लोकांच्या लग्नात आकडे म्हणत बसतो. माझा स्टुडिओ आणि त्याचं 'जाकीर साउंड' यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळे ही फुकटची नोकरी मला सात-आठ वर्षांपूर्वी लागली.

हाच माणूस एकेकाळी बोलण्यावर पोट भरायचा. मूळचा धामणगाव बढ्याचा. उरूस असो, कुस्त्या असोत, कोणाची म्हैस हरवलेली असो, ऑटोवर भोंगा बांधून तोच गावोगाव फिरायचा. दोन हजार दहाच्या मे महिन्यात बियाण्याच्या एका दुकानदारानं त्याला बीटी कपाशीच्या जाहिरातीचा कागद दिला. 'बोंडअळी विसरा, फवारणी विसरा, पंप ठेवा माळ्यावर!' कागद तिथंच संपत होता. जाकीरभाईचं तोंड मात्र थांबेना. त्यानं पदरचं एक वाक्य जोडलं, 'मी जाकीर, धामणगावचा. माझ्या जबानीवर घ्या!'

त्याचा लहानपणापासूनचा दोस्त गोविंदा तेव्हा रस्त्याकडेच्या वावरात उभा होता. त्यानं हात उंच करून हसत ओरडून उत्तर दिलं, "घेतो बे, जाक्या!" जाकीरभाई भोंग्यातून हसला आणि ऑटो पुढं गेला. गोविंदानं तेच बियाणं घेतलं आणि फवारणीचा पंप खरोखरच माळ्यावर टाकला.

सात वर्षं पंप तिथंच होता. तुडतुड्यांसाठी एखाद-दुसरी फवारणी लागायची, ती शेजाऱ्याच्या पंपावर निघायची. दोन हजार सतरात मात्र बोंडात गुलाबी अळी निघाली. अख्खं गाव एकाच आठवड्यात फवारायला लागल्यावर कोण कोणाला पंप देणार? गोविंदानं माळ्यावरून आपला उतरवला. त्याचा वायसर वाळून चिरला होता. कपाशी छातीच्या वर गेलेली, ऊन मी म्हणत होतं, आणि दिवसभर ते विषारी औषध त्याच्या पाठीवर ठिबकत राहिलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो वारला. त्या दिवसापासून जाकीरभाईनं माईकवर बोलणं सोडलं.

हे त्यानं मला एकदा दुकानात सांगितलं. समोर अँप्लिफायर सुरू होता. माईक उघडा असला की त्यातून एक बारीक घूं निघते, ती निघत होती. तो म्हणाला, "भाऊ, या घूंमध्ये गोविंदा बोलते."

"अर्थिंग नीट कर," मी म्हणालो. मला असल्या गोष्टींची भीती वाटते आणि भीती वाटली की मी थट्टा करतो.

"केलं ना. अर्थिंगनं बाकीची घरघर जाते. हा नाही जात. 'घेतो बे, जाक्या.' रोज. तोच सूर, तेच हसणं."

मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना मी वळून दोनदा मागं पाहिलं, हे कबूल करतो.

गोविंदाची मुलगी काजल कॉलेजसाठी नांदुऱ्याला आली. तिनं तीन पोरं गोळा करून बँड काढला. नाव काय, तर 'सोळा लिटर'. फवारणीच्या पंपात तेवढं मावतं. जाकीरभाईनं तिला सरावाला आपलं गोडाऊन दिलं, त्याची बायको राबियाभाभी रोज तिच्यासाठी डबा झाकून ठेवायची. त्यांना लेकरू नाही. 'चाचा, चाचा' करत ती घरभर फिरायची आणि हा बाप्या नुसता बघत बसायचा. गोविंदाच्या बायकोनं, शालूबाईनं, त्या जाहिरातीचा विषय कधी काढला नव्हता. काजल जाहिरातीच्या वेळी आठ वर्षांची, तिला काय आठवणार, या भरवशावर सगळं चाललं होतं.

गेल्या डिसेंबरात या पोरांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये चार बँडची रात्र ठरवली. आठ दिवस आधी काजल दुकानात आली. "चाचा, आमच्या गाण्याच्या आधी एक अनाउन्समेंट पाह्यजे. बियाण्याची. पहिले ऑटोवर होत होती तशी."

"दुसऱ्या कोणाले सांग, बेटा."

"दुसऱ्याचा आवाज नाही चालत," एवढं बोलून ती गेली.

जाकीरभाई माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "पोरीले माहीत आहे, भाऊ. आता थे माह्या घरी नाही येत."

"विचार तिला."

"कोणत्या तोंडानं इचारू?"

ती रात्र मी फोटो काढायला गेलो होतो. शेडमध्ये तीनेकशे पोरं. तुळयांवर अजून जुनी रुई चिकटून होती. आवाज वाढला की ती सुटून लोकांच्या केसांवर पडायची. अकोल्याचा एक बँड झाला, जळगावचे दोन झाले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाणं कमी आणि भांडण जास्त. पण पोरं घाम गाळून भांडत होती, खोटं काही नव्हतं. जाकीरभाई मागं मिक्सरवर उभा होता. शालूबाई भिंतीशी खुर्चीत बसली होती, दोन्ही कानांवर पदर धरून.

मग काजल आली. पाठीवर पंप होता. तोच, गोविंदाचा. माझ्या हातातला कॅमेरा खाली आला.

तिनं कोणाला नमस्कार केला नाही. म्हणाली, "हे गाणं एका आवाजानं सुरू होते. थो आवाज इथंच आहे. आला त गातो. नाही आला त उतरतो." आणि गप्प उभी राहिली.

शेडमध्ये नुसती घूं उरली. पोरं आधी हसली, मग माना वळवून शोधायला लागली. मला खोटं बोलायचं नाही. त्या घूंमध्ये कोणीतरी आहे असं मलाही वाटलं.

जाकीरभाईनं मिक्सरवरचा माईक उचलला. नखानं टकटक केली. फुंकर मारली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणालो. हे आकडे माझे नव्हते.

"बोंडअळी विसरा," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता, पण मोठा होता. "फवारणी विसरा. पंप ठेवा माळ्यावर." इथं कागद संपला. तो थांबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. "मी जाकीर. धामणगावचा. माझ्या जबानीवर घ्या."

काजलनं हात उंच केला आणि ओरडली, "घेतो बे, जाक्या!"

जाकीरभाईनं सांगितलेला तोच सूर. शेवटी तेच हसणं. म्हणजे ती त्या दिवशी बापाजवळ वावरात उभी होती. चौदा वर्षं हे तिच्याकडेही होतं. तिनं पंपाचा दांडा हाणायला सुरुवात केली, खटक, खटक, त्यावर ढोल-गिटार आले. गाण्याला दुसरे शब्दच नव्हते. तिसऱ्या वेळेला सगळी शेड ओरडायला लागली, "घेतो बे, जाक्या! घेतो बे, जाक्या!" वरून रुई पडत होती. जाकीरभाईचा हात आवाजाच्या बटणावर होता. त्यानं तो एवढासाही कमी केला नाही.

नंतर तो वायरी गुंडाळत बसला असताना काजल त्याच्यासमोर येऊन बसली.

"चाचा, माफ-बिफ नाही केलं मी. बाबा दवाखान्यात बी तेच म्हणत होते, 'घेतो बे, जाक्या.' जवाब देयाले कोणी नव्हतं. मले तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

त्यानं पुढची वायर उचलली. तिनं वायरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी ती डबा न्यायला आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

परवा लग्नाच्या मांडवात त्यानं माईक घेतला आणि स्वतःच 'वन टू थ्री' म्हणाला. माझी नोकरी गेली. घूं सुरूच होती. मी हळूच विचारलं, "गोविंदा येतो का अजून?"

"येते ना," जाकीरभाई म्हणाला. "पण आता एकटा नाही येत. तीनशे जण घेऊन येते."