साडेनऊ फुटांची फळी

"सहा फूट. वर एक इंच नको."

"मंग सहा फुटात चालशील कुठं? टोकावर जायचं म्हणती ना तू? उभं राहिलं का तिथंच टोक हाय."

"पप्पा, मासिकातल्या सगळ्या पोरांच्या सर्फिंगच्या फळ्या लहान आहेत. हलक्या. काखेत मारली की निघाले."

"त्या पोरांना लाटेवर माकडउड्या मारायच्यात. तुला चालायचंय. चालायला ओटा लागतो बाई, पाटावर कोण चालतं?"

"आणि नऊ फुटी धूड पाण्यातून बाहेर कोण ओढणार? तुम्ही?"

"तूच. पोहायची मेडलं उगाच आणती का?"

"पप्पा, मी सिरियस आहे!"

"मी काय तमाशात हाय?"

मुलीची आई, यशोदाबाई, पत्र्याच्या शेडच्या दारात चहाचे दोन कप घेऊन उभ्या होत्या. "आधी बापलेकी मिळून नाशकात समुद्र आणा," त्या म्हणाल्या, "मग फळी कापा. चहा घ्या, गार होतोय."

हे भांडण २००५ च्या मार्चमधलं. झुंबरकाका तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि साक्षी अठराची. आमच्या कॉलनीत या दोघांच्या भांडणांना प्रेक्षक असायचे, कारण त्यांच्या घराखालच्या, डागडुजीच्या कामाच्या शेडला तीनच बाजूंनी पत्रा होता. चौथी बाजू आमच्या गल्लीकडे उघडी.

झुंबरकाका मूळचे नांदगावकडचे. एक्क्याण्णव साली नाशकात अंबडच्या एका फायबरच्या कारखान्यात लागले. पाण्याच्या टाक्या, बाथरूमची दारं, बागेतल्या पेंग्विनच्या कचरापेट्या. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, ब्रशनं चिकट रेझिन पाजायचं, वाळलं की माल साच्यातून उपटायचा. घरी येऊन दोन वेळा आंघोळ केली तरी अंगाला रेझिनचा वास आणि हातांना काचेची खाज. चौदा वर्षं हे केलं, आणि एकही वस्तू स्वतःच्या मनाची नाही. साचा नेहमी दुसऱ्याचा. "नाशकात जेवढे पेंग्विन हायत," ते म्हणायचे, "तेवढे समदे माझे. पण एकाचंही तोंड मी काढलं नाय."

सर्फिंग त्यांच्या घरात आलं ते एका तडा गेलेल्या फळीवरून. आदल्या वर्षी एलेन नावाची ऑस्ट्रेलियन बाई इगतपुरीला ध्यानाच्या शिबिराला आली होती. दहा दिवस मौन पाळून बाहेर पडली तर रेल्वेच्या सामानात तिच्या लाँगबोर्डची शेपटी फुटलेली. विचारत विचारत ती अंबडला पोचली. झुंबरकाकांनी फळी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला, टिचकी मारली आणि म्हणाले, "ये तो अपनाच माल है." दोन दिवसांत जोड दिला. पण पाण्यात घालून बघितल्याशिवाय काम झालं असं मानायला तयार होईनात. त्याच आठवड्यात कारखान्याचा टेम्पो डहाणूच्या बाजूला मच्छीमारांच्या होड्यांना फायबरचा थर द्यायला निघाला होता. साक्षीला दिवाळीची सुट्टी. एलेनबाई, फळी, रेझिनचे ड्रम आणि ही दोघं, सगळे एकाच टेम्पोत बसून जव्हारचा घाट उतरले.

तिथली लाट काही मोठी नसते. भरतीला कमरेएवढी येते, आळसट, लांबवर पसरत जाणारी. एलेनबाई म्हणाली, हीच हवी. ती फळीवर उभी राहिली आणि मग चालायला लागली. पायापुढे पाय टाकत, अंगणातून जावं तशी, पार पुढच्या टोकापर्यंत. दहाही बोटं टोकाबाहेर काढून, हात खाली सोडून, बसची वाट बघत असल्यासारखी नुसती उभी राहिली. खाली पाणी पळत होतं.

"पप्पा, ती पडत का नाही?"

"थांब, बघू दे."

"सगळं वजन पुढं आहे तिचं. टोक बुडायला पाहिजे!"

"बघू दे म्हणलं ना."

झुंबरकाकांना ते कळायला दोन दिवस लागले. होडीला रेझिन लावता लावता ते एकदम ब्रश टाकून ओरडले, "उलार!" साक्षी धावत आली. "बैलगाडीत मागं जास्त वजन झालं का गाडी उलार होती, जू वर उचलतं. तसंच हाय हे. लाट फळीच्या शेपटीवर चढून बसलीय. शेपूट दाबून धरलीय तिनं. म्हणून बाई जुवावर उभी राहती." एलेनबाईला हे मोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं. ती इतकी हसली की खालीच बसली. मग म्हणाली, मला बारा वर्षांत कुणी असं समजावलं नाही.

म्हणून मार्चमधलं ते भांडण झुंबरकाका जिंकले. शेपूट लाटेला धरायला सापडली पाहिजे, म्हणून रुंद आणि कडांना गोल. पुढचं नाक पसरट, खालून किंचित खोलगट. शेपटीखाली माशासारखा पर एकच, पण मोठा. वजन चौदा किलो, कारण हलकी फळी लाटेवर नाचते आणि नाचणाऱ्या फळीवर चालता येत नाही. लांबी साडेनऊ फूट. आतला गाभा द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून उरलेल्या पफच्या, म्हणजे कडक फोमच्या, तुकड्यांचा. थर्माकोल स्वस्त होतं, पण त्यांच्याकडचं रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं. साचा नव्हताच. डोळ्यानं मोजत, पॉलिश पेपरनं घासत, त्यांनी तीन महिने घेतले. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वस्तू, जिचं तोंड त्यांनी स्वतः काढलं होतं.

साक्षीनं गच्चीवर खडूनं फळीचा आकार काढला आणि रोज कॉलेजला जायच्या आधी त्यावर डोळे मिटून चालायची. पाय सरकवायचा नाही, उचलून दुसऱ्यावरून पुढं टाकायचा, असं एलेनबाईनं बजावलेलं. खालून यशोदाबाई ओरडायच्या, "अगं, गच्चीवरनं चालत चालत खाली येऊ नकोस म्हणजे झालं!" पाय घसरू नये म्हणून फळीवर चोळायचं मेण नाशकात मिळेना. मग सुरगाण्याच्या बाजारातून मधाच्या पोळ्याचं मेण आलं, त्यात खोबरेल आणि राळ घालून यशोदाबाईंनीच ते चुलीवर कढवलं. वाटीत थापून वड्या पाडल्या. "सासरी गेलीस तर म्हणतील, आईनं काय शिकवलं? समुद्राच्या वड्या."

दीड वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी ती दोघं टेम्पोनं नाहीतर एसटीनं डहाणू गाठायची. सुरुवातीला ती चार पावलांत पडायची. मग सहा. २००६ च्या सप्टेंबरात ती पहिल्यांदा टोकावर पोचली आणि झुंबरकाकांनी किनाऱ्यावरून मोठ्यानं आकडे मोजले. ती पडेपर्यंत सात झाले. तिथले मच्छीमार जाळी सोडून बघायला आले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोरगी मासळीच्या घरची काय?" झुंबरकाका म्हणाले, "नाय, पेंग्विनच्या घरची."

एलेनबाईचं पत्र आलं. कर्नाटकच्या किनाऱ्यावर ती सर्फिंगची शाळा काढत होती. ऑक्टोबरात डहाणूला येते, लिहिलं होतं. माझ्यासमोर टोकावर पाच मोजेपर्यंत उभी राहा, की माझ्याबरोबर शिकवायला चल.

पाहुणी येणार म्हणून आदल्या दिवशी झुंबरकाकांनी फळी शेडमध्ये घेतली. वरचं मेण जुनं झालं होतं. वाळू, केस, काळा मळ. ते खरवडून काढलं. ते काढायचंच असतं, एलेनबाईनंच सांगितलं होतं. खालची फळी निस्तेज दिसत होती. कारखान्याची एक रीत होती: माल चमकवल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. पेंग्विनसुद्धा. त्यांनी शेल्फवरचा पॉलिशचा डबा काढला, फडक्यावर घेतलं आणि तासभर फळी घासली. नाकाकडे जास्त, कारण बाई पहिल्यांदा नाकच बघणार. तोंड दिसेल इतकी चमकली. मग नव्या मेणाच्या दोन वड्या वरून नीट चोळल्या.

तो डबा साच्यांसाठी आणलेला असतो. रेझिन साच्याला धरू नये म्हणून साच्याला आतून तेच पॉलिश मारतात. त्याच्यावर काही म्हणजे काही चिकटत नाही. हे झुंबरकाकांइतकं पक्कं नाशकात क्वचितच कुणाला माहीत असेल. पण हात पंधरा वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. डोक्याला विचारलं नाही.

रात्रीच्या टेम्पोनं त्यांनी डहाणू गाठलं. सकाळी भरती होती, एलेनबाई किनाऱ्यावर उभी होती. साक्षीनं पाण्यात शिरताना फळीवर तळवा फिरवला आणि म्हणाली, "वा पप्पा, ताजं मेण." लाट चांगली मिळाली. चार पावलं, पाच, सहा. पुढचा पाय टोकावर ठेवला आणि तो पाय असा निघून गेला, जसं खालून कुणी सतरंजी ओढली. ती फळीच्या पुढं पडली, उथळ पाण्यात, गुडघा वाळूत रुतला आणि चौदा किलोची फळी वरून आली.

गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. ऑपरेशन, प्लास्टर, सहा महिने काठी. एलेनबाई तीन दिवस दवाखान्यात बसून राहिली आणि मग तिला जावं लागलं. साक्षी तिला म्हणाली, "सॉरी. माझा पाय चुकला."

झुंबरकाका फळी घेऊन शेडमध्ये आले. नाकावर उरलेल्या मेणाला नख लावलं तर अख्खा थर पापडासारखा सुटून हातात आला. त्यात साक्षीच्या टाचेचा ठसा होता. त्यांनी शेल्फवरच्या पॉलिशच्या डब्याकडे पाहिलं. मग तो थर चुरगाळून कचऱ्यात टाकला.

कुणाला काही बोलले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू. प्लास्टर निघू दे. परीक्षा होऊ दे. आमच्या गल्लीला एवढंच दिसलं, की शेडमधली भांडणं बंद झाली आणि झुंबरकाकांनी उघड्या बाजूला गोणपाट लावलं.

साक्षी बरी झाली. जिना उतरताना डावा पाय जरा मागं राहायचा, तेवढंच. बी.कॉम. झाली, सीबीएस बसस्टँडजवळ एका कुरिअरच्या ऑफिसात लागली. कुणी विचारलं तर हसून सांगायची, "होतं एक वेड. आपल्याला ते येत नाही हे कळायला दोन वर्षं लागली." ती हे इतक्या सहज म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाईटसुद्धा वाटायचं नाही. झुंबरकाका त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

२००९ च्या मे महिन्यात एलेनबाईचं तिसरं पत्र आलं. शाळा चालली आहे, मुली शिकायला येतात, त्यांना शिकवायला मुलगी हवी. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तर केव्हाच मोकळीक दिली होती. सकाळची वेळ होती, साक्षी डबा भरत होती.

"जा की," यशोदाबाई म्हणाल्या. "महिनाभर जाऊन बघ. नाही जमलं तर ये परत."

"आई, कशाला? मुलींना काय शिकवू? मलाच येत नाही."

"सात मोजले होते ना तुझ्या पप्पांनी?"

"तेव्हा लाटेची मेहरबानी. खरी वेळ आली तेव्हा पाय गेलाच ना? मेण ताजं, लाट बरी, फळी एक नंबर. राहिलं काय? मी." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मी लिहून टाकते तिला, आता पत्र पाठवू नको म्हणून."

झुंबरकाकांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुझा पाय चुकला नव्हता."

"पप्पा, समजूत नका घालू."

"समजूत नाय घालत. ऐक. मी फळीला पॉलिश मारलं होतं. आदल्या दिवशी. मेणाच्या खाली."

"कसलं पॉलिश?"

"साच्याचं."

यशोदाबाईंना काही कळलं नाही. साक्षीला कळलं. ती लहानपणापासून त्या शेडमध्ये वाढली होती. तिनं डबा ओट्यावर ठेवला.

"ज्याच्यावर काही धरत नाही, ते?"

"तेच."

"का?"

"चमकावी म्हणून. बाई बघणार होती." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मेण तुझ्या पायाखालून सालासारखं निघालं. तू बरोबर टाकला होता पाय. मी किनाऱ्यावरनं बघत होतो ना, सहाही पावलं बरोबर होती."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"दवाखान्यातनं आलो त्या दिवशी."

"अडीच वर्षं झाली, पप्पा."

"हा."

"मी रोज... मी लोकांना सांगत फिरले..."

"मला माहीत हाय तू काय सांगत फिरली."

"मग तेव्हा तरी!"

"भ्यायलो," झुंबरकाका म्हणाले. "आधी भ्यायलो का तू तोंड बघणार नाय. मंग पाय बरा झाला, तवा वेगळंच भ्यायलो. सांगितलं का तू जाशील. नाय सांगितलं तर इथंच राहशील, घरी, डोळ्यासमोर. हे बी होतं मनात. खोटं कशाला बोलू आता."

यशोदाबाई म्हणाल्या, "अहो, काय बोलताय तुम्ही हे?"

"खरं बोलतोय. लय उशिरा बोलतोय." ते उठून साक्षीजवळ गेले, पण हात लावायची हिंमत झाली नाही. "शिव्या दे मला. काहीतरी बोल."

साक्षीनं नळ सोडला, हात धुतले, पुसले. पर्स खांद्याला लावली. डबा ओट्यावरच राहिला. चपला घालायला ती वाकली तेव्हा डावा गुडघा पूर्ण वाकला नाही, म्हणून तिनं भिंतीला हात टेकला.

"साक्षे," झुंबरकाका म्हणाले, "संध्याकाळी येशील ना घरी?"

तिनं दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला, दार उघडलं आणि ती जिना उतरून गेली.