खुनी म्हणतो, सॉरी

इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कॉलेजातले केअरटेकर ऑर्मरॉड सव्वीस वर्षांत कुणावर ओरडले नव्हते. चित्रपटाच्या वर्गातल्या फ्रेयाने आपल्या फिल्ममध्ये त्यांनाच खुनी केलं, तेव्हा अख्खा वर्ग हसला. थरारपटाची पहिली दोन मिनिटं चित्रित करायची होती, आणि बघणारा घाबरला नाही तर परीक्षेत गुण मिळणार नव्हते.

कालव्याकाठी ऑर्मरॉडनी फ्रेयाच्या वर्गातल्या टेसाला धक्का मारून पुढे निघून जायचं, एवढंच काम. पण दर वेळी धक्का लागला की ते म्हणायचे, "सॉरी हं, पोरी."

"अहो मिस्टर ऑर्मरॉड, तुम्ही हिचा खून करणार आहात!"

"ते पुढचं झालं गं. आत्ता धक्का तर मीच मारला ना?"

सहाव्यांदा ते ओठ घट्ट मिटून चार पावलं गेले, थांबले, मागे वळले आणि म्हणालेच. तोवर उजेड गेला होता आणि चित्रफीत उद्याच द्यायची होती.

सकाळी संकलनाला बसल्यावर फ्रेयाने ते वाक्य कापलं. पडद्यावर उरला नुसता बस गाठायला निघालेला एक म्हातारा. तिने वाक्य परत जोडलं आणि संगीत काढून टाकलं. आता फक्त पाण्याचा आवाज, आणि त्यावर तो मायाळू स्वर.

"ए, बंद कर," टेसा म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता.

फ्रेयाने ऑर्मरॉडना बोलावून ते दाखवलं.

"बिघडवलं ना मी?"

"नाही हो. आता मलाच तुमची भीती वाटते."

जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमधल्या बायकांना सांगत सुटले, "मी फार भयंकर आहे म्हणे!"