मी वाढवलेले सहा आठवडे

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सुनंदापाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशी, तर नाहीच. तुम्ही आपले वाटता, म्हणून सांगतो.

आधी चांगलं सांगतो. खुब्याचा सांधा बदलून मला दोन वर्षं होऊन गेली. आज मी रोज पाच किलोमीटर चालतो, मंडईत सायकलवर जातो. पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पातळ्या नोंदवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे ऑपरेशननंतरची पावलंही वहीत लिहिली. चौथा दिवस — वॉकर धरून अकरा. तिसरा आठवडा — दोनशे चाळीस. या आकड्यांत खोट नाही. खोट दुसरीकडे आहे.

आमच्या लातूरच्या घरी वरच्या खोल्यांत क्लासच्या आठ मुली राहतात. त्यांचा डबा सुनंदा करते. मी खाली, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. उशाशी चहा, आंघोळीला आयतं गरम पाणी. जिना उतरणारी प्रत्येक मुलगी विचारायची, "काका, आज किती?" मी आकडा सांगायचो, त्या टाळ्या वाजवायच्या. पन्नाशीतल्या माणसासाठी टाळ्या कोण वाजवतं हो?

पण ती खोली माझी नव्हतीच. ती मंजूसाठी राखलेली होती — आमची लेक, नांदेडला दिलेली, तेव्हा पहिलटकरीण. मंजू भूकंपानंतर दोन महिन्यांनी जन्मली. तेव्हा घर असून सगळे अंगणात झोपायचे. सुनंदानं बाळंतपणाचा सव्वा महिना पत्र्याच्या शेडमध्ये, थंडीत काढला. लेकीचं पहिलं बाळंतपण मी उबदार खोलीत करणार, असं ती चोवीस वर्षं म्हणत होती. दुपटी शिवून झाली होती. डिंक आणून ठेवला होता.

सहाव्या आठवड्यात मी रिक्षानं एकटाच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "काठी सोडा. जिना चढा. फक्त मांडी घालून बसू नका." मंजूला नववा महिना लागला होता. घरी आलो — काठी टेकत. का टेकत? रिक्षातून उतरेपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं.

सुनंदा पोळ्या लाटत होती. "काय म्हणाले? आणू का मंजूला?"

आणि मी म्हणालो — "आणखी सहा हप्ते जपा म्हणाले."

तिनं पिठाच्या बोटांवर दिवस मोजले. "दोघांचं एकदम नाही व्हायचं माझ्यानं," एवढंच बोलली आणि नांदेडला विहीणबाईंना फोन लावला. दुपटी आणि डिंकाचे लाडू त्याच आठवड्यात जावयाबरोबर गेले.

पुढचे सहा आठवडे? मजेत गेले — लाज वाटते, पण गेले. सुनंदा मंडईत, मुली क्लासला, की मी गच्चीवर फेऱ्या मारायचो. एकदा शेजारचे वामनराव त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "साहेब, लई जोरात हाय की आज! वरातीला निघालात का?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी वहीत लिहिलं — दोन हजार शंभर — आणि वही गादीखाली सरकवली. सुनंदासमोर मी तीनशेच्या पुढे गेलो नाही.

दुखत होतं का? नाही. पडायची भीती होती? तीही नाही. मला खोली सोडायची नव्हती. चहा, गरम पाणी, टाळ्या — एवढ्यासाठी.

नात नांदेडला झाली, सुखरूप. सुनंदा बारशाला एक दिवस गेली, माझ्यामुळे एकच दिवस, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली. चपला काढता काढता म्हणाली, "विहीणबाईंनी लई चांगलं केलं हो सगळं. मी आपली पाव्हणीसारखी पाळण्याशी उभी." हसली, आणि माझं पाणी तापत ठेवलं.

नात आता आली की घरभर पळते आणि मी तिच्यामागे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनंदा कौतुकानं सांगते — बारा आठवडे जपलं, म्हणून हे असे पळतात.

मी मान डोलावतो. परवाही डोलावली.